उशिरा मिटलेलं विमान

मित्रांनो, काचेच्या कपाटात वरून दुसऱ्या फळीवर, गुडघ्यात वाकलेलं एक काळपट विमान दिसतंय ना, तेच मी. मॉस्किटो जातीचं लढाऊ विमान, म्हणजे नावानं डास. खऱ्या विमानाच्या बत्तिसाव्या हिश्श्याएवढा आहे, तरी पंख पसरले की हातभराहून जास्त भरतो. आमच्या जातीत हा आकार थोराड समजतात. खालच्या फळीवरची चिल्लीपिल्ली विमानं माझ्याकडे मान वर करून बघतात, आणि मी त्यांना बर्लिनवरच्या माझ्या स्वाऱ्या सांगतो. खरं म्हणजे मी आयुष्यात एकदाही उडालो नाही. पण थापा मारायला उडावंच लागतं असं कुठे आहे? आज सांगतोय त्या गोष्टीत मात्र थापा अगदी थोड्या आहेत. जिथे असतील तिथे तुमच्या लक्षात येतीलच.

माझा जन्म दूर पूर्वेकडे, एका पोलादी साच्यात झाला. वितळलेलं करडं प्लास्टिक साच्यात शिरलं, थंड पाणी फिरलं, साचा उघडला आणि मी बाहेर पडलो. अखंड नव्हे, चौकटींना चिकटलेल्या दोनशे एक्क्याऐंशी तुकड्यांत. मग खोकं, मग बोट. बोटीच्या पोटात माझी चार हजार जुळी भावंडं होती. सुएझपर्यंत आमच्यात सेनापतीची निवडणूक लागली. खोक्यावरच्या चित्रात ज्याच्या बंदुकांतून जास्त ठिणग्या उडतात तो सेनापती, असं ठरलं. सगळ्यांवर चित्र एकच, त्यामुळे इंग्लंड येईपर्यंत भांडण मिटलं नाही.

मी आलो वायकम गावात, नॉर्मन प्लेस्टेडच्या घरी. नॉर्मननं तीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या सांभाळल्या आणि निवृत्त झाला. हात असा स्थिर, की पापणीच्या केसानं रंग लावील. पण या छंदाच्या माणसांना एक खोड असते. ती बांधतात एक आणि विकत आणतात दहा. नॉर्मनकडे न उघडलेली साठ खोकी होती. बागेतली शेड भरली म्हणून मला जेवणाच्या खोलीतल्या कपाटावर ठेवलं होतं. दोन वर्षं मी तिथे धूळ खात रविवारची जेवणं बघितली. त्यातलं एक जेवण अजून माझ्या पोटात आहे.

त्या रविवारी क्वीनी मावशी आली होती. नॉर्मनच्या बायकोची, ग्लेनिसची, मावशी. नव्वदीला टेकलेली, पाठीनं ताठ, जिभेनं त्याहून ताठ.

"डॉक्टर म्हणाला, नजरेचा मधला भाग आधी जाईल," भाजलेल्या बटाट्यांवर ग्रेव्ही ओतत ती म्हणाली. "म्हणजे ज्याच्याकडे बघायचं तेच दिसायचं नाही, आजूबाजूचं सगळं दिसेल. बरंच झालं म्हणा. चर्चमधल्या बायकांची तोंडं जातील आणि टोप्या तेवढ्या राहतील."

"मावशी, काहीतरीच काय बोलतेस!" ग्लेनिस म्हणाली.

"किती दिवस म्हणाला?" नॉर्मननं विचारलं.

"वर्षभर तरी जमेल म्हणाला. पुढचं त्यालाही ठाऊक नाही." मावशीनं काटा खाली ठेवला. "मला फार काही बघायचं उरलेलं नाही. एकच राहिलंय."

आणि तिनं सांगितलं. लढाईच्या काळात ती एकोणीस वर्षांची होती. वायकम म्हणजे खुर्च्यांचं गाव. पण खुर्च्या बंद झाल्या आणि त्याच कारखान्यांत विमानं सुरू झाली, कारण मॉस्किटो लाकडाचं होतं. बर्चच्या पातळ फळ्या, मध्ये हलकं बाल्साचं लाकूड, वर सरस, आणि सगळं साच्यावर दाबून बसवायचं. विमानाचं धड दोन फोडींत व्हायचं, डावी आणि उजवी. मावशीच्या शेडमध्ये डावी फोड व्हायची.

"तीन वर्षं मी डावी बाजू चिकटवली," ती म्हणाली. "उजवी दुसऱ्या कारखान्यात. मग लॉरीत घालून दोन्ही जुळवायला न्यायचे. जुळलेलं विमान मी कधी हाताच्या अंतरावर पाहिलंच नाही. डोक्यावरून गेलं की आम्ही पोरी ओरडायचो, डावीकडचं आमचं! पण वर ते कावळ्याएवढं दिसायचं. पुढे एकदा संग्रहालयात गेले, तर मध्ये दोरी बांधलेली. मला ते पुरं बघायचंय रे. टेबलावर ठेवून, चष्मा लावून, निवांत."

नॉर्मननं वर माझ्याकडे बघितलं. मग स्टूल घेतलं, मला खाली काढलं, बाहीनं धूळ पुसली आणि मला मटारच्या वाडग्याशेजारी ठेवलं.

"मावशी, ख्रिसमसच्या जेवणाला हे विमान याच टेबलावर असेल. शब्द देतो तुम्हाला."

"मग टर्की काय मांडीवर घ्यायची?" ग्लेनिस म्हणाली. पण ती हसत होती. मावशीनं माझ्या झाकणावरच्या चित्रावर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही. तो सप्टेंबर महिना होता.

मित्रांनो, त्या आठवड्यात नॉर्मन मला जोडत सुटला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण गुरुवारी तो मला क्लबात घेऊन गेला. स्काउटांच्या हॉलमध्ये दर गुरुवारी दुपारी आठ-दहा निवृत्त बाप्ये जमतात, चहात बिस्किटं बुडवतात आणि एकमेकांच्या विमानांतल्या चुका काढतात. त्यांचा म्होरक्या रेज हॉबली. त्यानं माझं झाकण उघडलं, चौकट उचलली आणि भिंगातून माझ्या वैमानिकाची खुर्ची बघितली.

"नॉर्मन, ही खुर्ची नाही रे, साबणाची वडी आहे."

"बसवल्यावर कुठे दिसते?"

"आत काय आहे हे तुला तर माहीत असेल ना! बांध बाबा, जसं खोक्यात आहे तसं बांध. शाळकरी पोरंही तसंच बांधतात. आम्ही काही म्हणणार नाही. तोंडावर तरी."

सगळे हसले, नॉर्मनही हसला. पण दुसऱ्याच दिवशी त्यानं पहिलं पाकीट मागवलं.

आता हे सुधारित भागांचं प्रकरण तुम्हाला सांगितलं पाहिजे. किट, म्हणजे आमचं सुट्या तुकड्यांचं खोकं, बनवणारा कारखाना वेगळा, आणि त्या किटसाठी जास्त रेखीव सुटे भाग करणारी छोटी दुकानं वेगळी. कुणी रेझिन, म्हणजे घट्ट होणारी राळ, ओतून चाकं करतं, वजनानं जराशी दबलेली, खऱ्यासारखी. कुणी पितळेच्या नळीतून बंदुकीच्या नळ्या कातून देतं. कुणी केसाएवढ्या पट्ट्यांचे बकलसुद्धा पत्र्यात कोरतं. तुम्ही फक्त निवडायचं. आणि निवडणं हीच खरी गोम आहे, कारण एक भाग चांगला आणला की शेजारचा भाग एकदम गावठी दिसायला लागतो. नॉर्मननं नवी खुर्ची आणली, तर तिच्यापुढे नियंत्रणाचा दांडा बेंगरूळ दिसला. दांडा आणला, तर तबकड्या फिक्या पडल्या. तबकड्या आणल्या, तर रेडिओ म्हणजे नुसता पेटीचा ठोकळा वाटला. शेडच्या खणांत पाकिटं साठत गेली. शेड पुढे झुकली असं मी म्हणत नाही, पण ग्लेनिसनं दाराखाली दोन विटा सरकवल्या हे खरं आहे.

दोष एकट्या नॉर्मनचा नव्हता. कबूल करतो, मलाही हाव सुटली होती. नवं पाकीट फुटलं की माझ्या अंगावर शहारा यायचा. माझे जन्मापासूनचे तुकडे चौकटीवरून तोडून एका डब्यात टाकले जात होते, आणि मी त्यांच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. मला पितळ हवं होतं. मला हॉबलीचं तोंड बंद झालेलं बघायचं होतं. मावशीचं बोट माझ्या झाकणावर होतं हे मी विसरून गेलो. विमानाला विसरता येत नाही असं समजू नका.

आणि यात एक अडचण असते. धड मिटायच्या आधी पोटातलं सगळं बसवावं लागतं. एकदा फोडी जुळल्या की आत बोट शिरत नाही. त्यामुळे आतला एक जरी भाग यायचा राहिला, तरी सगळं विमान थांबतं. पंख थांबतात, रंग थांबतो, ख्रिसमस मात्र थांबत नाही.

त्या ख्रिसमसला टेबलावर टर्कीच होती.

एप्रिलमध्ये मावशी नॉर्मनच्या शेडमध्ये आली. आता ती मान जराशी तिरकी धरून बघायची. नॉर्मननं माझं धड तिच्या पुढ्यात ठेवलं, उघडं, दोन फोडींत.

"अजून दोन फोडीच?" ती म्हणाली. मग डावी फोड उचलून तिनं आतून अंगठा फिरवला आणि तिचा चेहरा एकदम उजळला. "अरे, आमच्याकडेही अगदी हेच! आतलं सगळं बसवायचं, वायरी, नळ्या, आणि मग मिटवायचं. सांध्यावरून आमचा मुकादम अंगठा फिरवायचा. डोळे मिटून. कुठे अडकला की पोरीचं काही खरं नाही."

"माझं आतलं थोडं राहिलंय, मावशी. चेक देशात एक माणूस एकटाच या विमानाचं आतलं सगळं नव्यानं करतोय. संपूर्ण. सहा महिन्यांत येईल."

"सहा महिने?"

"ते आलं की दुसरं काही उरणार नाही."

मावशीनं फोड खाली ठेवली. "नॉर्मन, आमच्याकडे भोंगा वाजला की मिटवायचं. झालं असेल तेवढं. तुझ्यासारखा वेळ आमच्या हातात असता ना, तर ती लढाई अजून चालू असती."

तो हसला. तिनंही हसून साजरं केलं. पण बाहेर जाताना तिनं दाराची कडी दोनदा चाचपली, कारण ती पहिल्यांदा जिथे दिसली तिथे नव्हती. मी बघितलं. नॉर्मन तेव्हा पितळी पत्रा कापत होता.

त्या दिवशी ग्लेनिस चहाचा कप घेऊन आली आणि दारातच उभी राहिली.

"नॉर्मन, मावशीला तुझ्या त्या खुर्चीचे पट्टे दिसणार आहेत का?"

"मिटल्यावर कुणालाच दिसणार नाहीत."

"मग?"

"आत आहेत हे मला माहीत असेल ना."

"आणि नव्हते हेही तिला कधी कळलं नसतं." तिनं कप त्याच्या पाकिटांवरच ठेवला. "तिनं कालपासून शब्दकोडं सोडलंय. पेन्सिल मला देऊन टाकली."

नॉर्मननं पत्रा खाली ठेवला. माझ्या जुन्या खुर्चीचा डबा त्यानं उघडलासुद्धा. मित्रांनो, त्या घटकेला सगळं बदलू शकलं असतं. मला जीभ असती तर मी ओरडलो असतो, असं आज म्हणावंसं वाटतं. पण खरं सांगतो, तेव्हा मी मनातल्या मनात म्हणत होतो, थांब रे नॉर्मन, सहा महिन्यांनी काय होतंय! आणि नॉर्मननं डबा मिटला.

सहा महिन्यांचे नऊ झाले. पाकीट आलं, आणि काय सांगू, काय कारागिरी होती! वैमानिकाच्या नकाशावरच्या रेघासुद्धा खऱ्या. नॉर्मननं तीन आठवडे सगळं रंगवलं, बसवलं, आरशातून बघितलं आणि एकदाचं मला मिटवलं. त्या क्षणापासून ती सगळी कारागिरी माझ्या पोटातल्या काळोखात आहे. आजतागायत ती कुणाला नीट दिसलेली नाही. मग दोन महिने त्यानं माझ्या पाठीवरचा आणि पोटावरचा सांधा भरला, घासला, पुन्हा भरला, पुन्हा घासला. क्लबात सांधा दिसणं म्हणजे उघड्यावर लाज जाणं. मी असा गुळगुळीत झालो की माशी घसरावी.

शेवटी राहिले पाय, म्हणजे चाकांवरचे दांडे. किटमधले पाय प्लास्टिकचे, पण आत पोलादी काडी घातलेली, दणकट. हॉबली म्हणाला, "आत एवढं रेझिन भरलंस, आता प्लास्टिकच्या पायांवर उभं करणार? धातूचे घाल." धातूचे पाय दोन तऱ्हेचे मिळतात. पितळेचे कडक असतात, पण यायला महिना लागणार होता. पांढऱ्या मऊ धातूचे त्याच दिवशी मिळत होते. वीस महिने वाट बघितलेल्या माणसाला नेमकी इथे घाई झाली. त्यानं मऊ धातू निवडला.

जूनच्या एका दुपारी आम्ही मावशीकडे गेलो. ती खिडकीजवळ खुर्चीत बसली होती, केस नीट विंचरलेले, गळ्यात रविवारची माळ. नॉर्मननं तिच्यापुढे छोटं टेबल ओढलं, पांढरं फडकं अंथरलं आणि मला त्यावर उभं केलं.

"घ्या मावशी. पुरं झालं."

मावशीनं माझ्याकडे बघितलं. मग मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे, मग खाली. ती मला शोधत होती. मी तिच्यापासून हातभर अंतरावर होतो.

"फडकं दिसतंय," ती म्हणाली. "फडक्यावर काळं काहीतरी आहे. बघायला गेलं की जातं ते." मग हसून म्हणाली, "राहू दे, हातानं बघते," आणि तिनं हात पुढे केला.

"हात लावू नका!"

नॉर्मन ओरडला. क्लबाच्या प्रदर्शनात टेबलापाशी येणाऱ्या शंभर जणांवर ओरडून ओरडून ती सवय त्याच्या जिभेला लागली होती. मावशीचा हात हवेत थांबला, मग सावकाश मांडीवर परत गेला.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "नाजूक असेल. मागे संग्रहालयात त्यांनीही दोरी बांधली होती."

"नॉर्मन!" ग्लेनिसचा आवाज फुटला. "कुणासाठी बांधलंस तू हे?"

नॉर्मनचा चेहरा पडला. त्यानं मावशीचा हात धरला आणि स्वतः माझ्या पाठीवर नेऊन ठेवला. "लावा, मावशी. हवा तेवढा लावा. माझं चुकलं."

तिची बोटं माझ्यावर फिरली. नाकावरची पितळी नळी तुटली, टिचकन आवाज झाला. अँटेना गेली. पंखाखालचा एक दिवा निखळून फडक्यावर पडला. नॉर्मननं तो गुपचूप खिशात घातला. मग तळहाताचा भार पडला, आणि माझे ते मऊ पाय हळूहळू फाकले. कुणी थकून खाली बसावं, तसा मी तिच्यापुढे बसलो.

"मोडलं का रे काही?"

"नाही, मावशी."

तिचा अंगठा माझ्या पाठीवरून शेपटीपर्यंत गेला. परत आला. पुन्हा गेला. तिनं डोळे मिटून घेतले होते.

"सांधा कुठेय?"

"नाही ठेवला," नॉर्मन म्हणाला. "भरून, घासून काढला. दोन महिने लागले."

"मग माझं डावं कुठे संपलं आणि त्यांचं उजवं कुठे सुरू झालं, ते कसं कळायचं?"

नॉर्मननं तिचा अंगठा धरून माझ्या पाठीच्या मध्यावर नेऊन ठेवला. तिथेही काही लागलं नाही.

"छान झालंय हं," मावशी म्हणाली. शेजारणीच्या नातवंडाचा फोटो बघून म्हणतात, तसं. "अगदी गुळगुळीत झालंय. ग्लेनिस, चहा टाकतेस का गं?"

त्यानंतर नॉर्मननं माझ्याच जातीचं दुसरं खोकं उघडलं. नऊ दिवसांत विमान बांधलं, खोक्यात होतं तसं, एकही पाकीट न फोडता. रंग नाही, अँटेना नाही, पाठीवर सांध्याची धार तशीच ठेवलेली. क्लबात नेलं तेव्हा हॉबलीनं ते भिंगाखाली धरलं.

"हे काय रे? सांधा तर उघडा पडलाय!"

"पडू दे," नॉर्मन म्हणाला. "ज्याला हवाय त्याला सापडायला हवा."

ते विमान आता मावशीच्या मांडीवर असतं. ती त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवते आणि कारखान्यातल्या पोरींची नावं घेते. नॉर्मन रविवारी जातो आणि समोर बसून ऐकतो. तिच्या विमानाच्या पोटात काय आहे, हे ना तिनं विचारलं, ना त्यानं सांगितलं. मला मात्र त्यानं या कपाटात ठेवलं. पाय दुरुस्त केले नाहीत. करायला पाच मिनिटं लागली असती. तो रोज समोरून जातो आणि माझ्या गुडघ्यांकडे बघतो. मला वाटतं, ते तसेच राहावेत असं त्यानं ठरवलंय.

मित्रांनो, मला काळोखातल्या पितळेचा राग नाही. ज्यानं ते कोरलं त्यानं मन लावून कोरलं. तुम्हीही मन लावून काम करा, रेखीव करा, हवं तर भिंग लावून करा. पण काम कुणासाठी चाललंय ते अधूनमधून त्या माणसाकडे जाऊन बघत चला, आणि त्याला काय हवंय ते त्यालाच विचारा. मावशी आमच्यापासून अर्ध्या मैलावर राहत होती. वीस महिन्यांत आम्ही दोघांनी तिला एकदाही विचारलं नाही. खोक्यात होतो तसा जोडला गेलो असतो, तर मी त्याच ख्रिसमसला टेबलावर उभा असतो. ओबडधोबड दिसलो असतो, पण तिला दिसलो असतो.